धर्मांची ओळख आणि शाळा

प्रस्तावना

एखाद्या शहरातील रविवारचा अभ्यासवर्ग डोळ्यांसमोर आणावा. वर्गात शिवणकाम करणारी गृहिणी आहे, रिक्षा चालवणारा तरुण आहे, शाळा अर्ध्यावर सुटलेली सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आहेत. परीक्षेचे अर्ज भरून झाले, या आनंदात कोणीतरी सर्वांसाठी बटाटेवडे आणले. एका मुलाने नम्रपणे नकार दिला. रमजानचा महिना होता आणि त्याचा रोजा होता. "अरे, निदान पाणी तरी पी, कोण बघतंय?" असे त्याला कोणी म्हणाले. शेजारच्या मुलीनेही वडा घेतला नाही. ती जैन कुटुंबातील. तिच्या घरी कंदमुळे खात नाहीत. "बटाट्यात कसला आलाय जीव?" असे म्हणून दोघे-तिघे हसले.

त्या वर्गात कोणाच्याही मनात वैर नव्हते. तरीही वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा रोजा धरलेला मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसला होता आणि ती मुलगी उरलेला वेळ काही बोलली नाही. रोजा कोणी पाहत आहे म्हणून धरला जात नाही, आणि जैन विचारात जमिनीखाली वाढणाऱ्या कंदांत असंख्य सूक्ष्म जीव मानले जातात, एवढे दोन विषय ठाऊक असते, तर हा प्रसंग टळला असता. ही माहिती त्या विद्यार्थ्यांना कोणी द्यावयाची होती? घर आपापल्या धर्माची ओळख करून देते; शेजाऱ्याच्या धर्माची ओळख बहुधा कोणीच करून देत नाही. ते काम शाळेचे आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या रीतीने करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
• 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' यांतील भेद स्पष्ट करणे;
• भारतीय संविधानातील संबंधित तरतुदी सांगणे;
• माध्यमिक स्तरावर धर्मांची ओळख का आवश्यक आहे, याची कारणे देणे;
• या शिक्षणावरील आक्षेपांचा समतोल विचार करून स्वतःचे मत मांडणे.

१. दोन निरनिराळ्या गोष्टी

'धार्मिक शिक्षण' हा शब्द उच्चारताच मतभेद सुरू होतात. त्याचे एक कारण असे, की या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे धर्माचे शिक्षण. यात एका धर्माचे सिद्धांत सत्य म्हणून शिकवले जातात, उपासनेचा विधी शिकवला जातो आणि विद्यार्थ्याने त्या धर्माचा अनुयायी व्हावे किंवा राहावे, अशी अपेक्षा असते. कीर्तन, मदरसा, चर्चमधील रविवारची शाळा, विहारातील धम्मवर्ग, गुरुद्वारातील गुरुमुखीचे पाठ या ठिकाणी हे शिक्षण मिळते. श्रद्धावंत कुटुंबांना ते मोलाचे वाटते आणि त्याचे स्थान तेथे योग्यच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे धर्मांविषयीचे शिक्षण. यात निरनिराळ्या धर्मांचा उगम, इतिहास, ग्रंथ, सण, आचार, नीतिविचार आणि त्यांतील मतभेद यांचा अभ्यास केला जातो. येथे शिक्षक 'हे सत्य आहे' असे सांगत नाही. 'या धर्माचे लोक असे मानतात, आणि त्यामागचा त्यांचा विचार हा आहे' असे सांगतो. विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो, वा कोणताही धर्म न मानणारा असो, त्याला या वर्गात सारख्याच मोकळेपणाने बसता येते.

हा भेद नवा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो स्पष्ट केला होता. धार्मिक शिक्षण देणे म्हणजे एखाद्या धर्माचे सिद्धांत श्रद्धेने स्वीकारायला लावणे. धर्माचा अभ्यास वा संशोधन ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. शासकीय शाळांत धार्मिक शिक्षण का नसावे, याची कारणेही त्यांनी दिली. सर्वांच्या करातून जमलेला पैसा एका धर्माच्या प्रसारासाठी वापरणे अन्यायाचे ठरते. देशात इतके धर्म आणि पंथ असताना प्रत्येकाची सोय एका शाळेत करणे अशक्य आहे. शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा असे शिकवू लागला, तर शाळेतच कलहाचे बीज पेरले जाईल.

२. संविधान, आयोग आणि न्यायालय

या चर्चेतून संविधानाचा अनुच्छेद २८ आकाराला आला. संपूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र जी संस्था अशा दानातून वा न्यासातून स्थापन झाली असेल, की ज्यात धार्मिक शिक्षण आवश्यक ठरवले आहे, आणि जिचे प्रशासन शासन पाहते, तिला हा नियम लागू होत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत असे शिक्षण दिले जात असेल, तर त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती लागते. येथे 'अज्ञान' हा शब्द कायद्यातील अर्थाने, म्हणजे अठरा वर्षांखालील, असा घ्यावयाचा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या शिक्षण आयोगांनी या चौकटीत राहून वाट शोधली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) दिवसाचा आरंभ काही क्षणांच्या मौनाने करावा आणि विद्यार्थ्यांनी थोर धर्मसंस्थापकांची चरित्रे अभ्यासावीत, असे सुचवले. १९५९ मध्ये नेमलेल्या श्रीप्रकाश समितीनेही नैतिक शिक्षणाबरोबर धर्मांच्या तौलनिक परिचयाचा आग्रह धरला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) तर वर सांगितलेला भेदच अधोरेखित केला : बहुधर्मी लोकशाहीत शासनाने एका धर्माचे शिक्षण देऊ नये; पण सर्व प्रमुख धर्मांविषयीची निवडक माहिती नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग म्हणून अवश्य द्यावी.

पुढे मूळचे पैठणचे असलेले शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावरील अहवाल सादर केला. त्यात सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा या पाच मूल्यांवर भर होता आणि सर्व धर्मांतील मूलभूत तत्त्वांची ओळख विद्यार्थ्यांना व्हावी, अशी शिफारस होती. या विचाराचा आधार घेऊन तयार झालेल्या २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. १२ सप्टेंबर २००२ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने सांगितले, की धर्मांचा अभ्यास हे अनुच्छेद २८ मध्ये निषिद्ध ठरवलेले धार्मिक शिक्षण नव्हे. त्यानंतरच्या २००५ च्या आराखड्याने 'शांततेसाठी शिक्षण' या कल्पनेला महत्त्व दिले. आराखडे बदलले, तरी शाळेत सर्व धर्मांचा आदरपूर्वक अभ्यास करण्यास संविधानाची आडकाठी नाही, हे या निर्णयामुळे स्पष्ट झाले.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) संपूर्ण शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणास मनाई करणारा अनुच्छेद : (i) १४ (ii) २१ (iii) २८ (iv) ३०
(आ) 'धर्मांविषयीचे शिक्षण' देताना शिक्षक काय करतो? (i) उपासना शिकवतो (ii) अनुयायांची श्रद्धा व विचार समजावून सांगतो (iii) एका धर्माची श्रेष्ठता पटवतो (iv) धर्माचा उल्लेख टाळतो

३. माध्यमिक स्तरावरच का?

बालवयात मूल घरच्या चालीरीती अनुकरणाने शिकते. चौदा-पंधराव्या वर्षी मात्र त्याच्या मनात 'का?' हा प्रश्न उभा राहतो. आपण हे व्रत का करतो, शेजारी ते का करत नाहीत, देव आहे काय, दुःख का आहे, हे प्रश्न याच वयातले. त्यांना शाळेत उत्तराची दिशा मिळाली नाही, तर ती अफवांतून, सभांतील आवेशी भाषणांतून आणि आजच्या काळात भ्रमणध्वनीवरील संदेशांतून मिळते. शाळा गप्प बसली म्हणून विद्यार्थी धर्माविषयी अनभिज्ञ राहत नाही; तो अर्धवट आणि एकांगी माहितीवर वाढतो. धर्मांच्या अभ्यासाचे महत्त्व येथून सुरू होते.

या अभ्यासाचा पहिला लाभ भाषा आणि साहित्य यांच्या आकलनात दिसतो. 'भगीरथ प्रयत्न', 'सुदाम्याचे पोहे' हे शब्दप्रयोग पुराणकथा ठाऊक असल्याशिवाय उलगडत नाहीत. एखाद्या गावाला 'कुस्तीची पंढरी' का म्हणतात, हे वारी माहीत असलेल्यालाच कळते. मराठी साहित्याची परंपराही एका धर्माच्या कुंपणात मावत नाही. महानुभाव पंथाने मराठी गद्याचा पाया घातला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतकवी म्हणून मान्यता पावले. संत नामदेवांची ६१ पदे शीख धर्माच्या 'गुरु ग्रंथ साहिब' मध्ये समाविष्ट आहेत. पंजाबातील एखादा शीख विद्यार्थी आणि पंढरपूरचा वारकरी विद्यार्थी यांना जोडणारा हा धागा ठाऊक नसेल, तर दोघांचेही शिक्षण अपुरे राहते.

दुसरा लाभ इतिहासाच्या आकलनाचा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ येथे ३४ लेणी एकाच डोंगररांगेत कोरलेली आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. धर्मांची ओळख नसलेला पर्यटक तेथे सुंदर मूर्ती पाहून परततो. ज्याला बोधिसत्त्व, शिव आणि तीर्थंकर यांचा अर्थ माहीत आहे, त्याला तीन परंपरा शेजारी शेजारी नांदल्याची साक्ष त्या पाषाणात वाचता येते.

तिसरा आणि सर्वांत निकडीचा लाभ सहजीवनाचा. परिचारिका, शिक्षक, बसवाहक, दुकानदार, पोलीस शिपाई अशा कोणत्याही कामात निरनिराळ्या श्रद्धांच्या माणसांशी रोजचा संबंध येतो. उपवासाच्या दिवशी रुग्णाला औषध कसे द्यावे, अंत्यविधीच्या वेळी कुटुंबाची कोणती इच्छा जपावी, हे समजण्यासाठी धर्मांची ओळख लागते. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने धर्म, भाषा व प्रदेश यांचे भेद ओलांडून सामंजस्य वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. जे मुळात माहीतच नाही, त्याच्याशी सामंजस्य साधणार कसे?

४. आदर आणि चिकित्सा

आदराने अभ्यास करावयाचा म्हणजे डोळे मिटून सर्व स्वीकारावयाचे, असे नव्हे. धर्माच्या नावाने करुणा फुलली, तशीच विषमताही पोसली गेली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनाही घेता यावे, यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. असंख्य कुटुंबे आजही दसऱ्याला नागपूरला का जातात, हे कळण्यासाठी ही बाजूही वर्गात सांगितली पाहिजे. धर्मांच्या अभ्यासातून सुधारकांना वगळले, तर तो अभ्यास अर्धाच राहतो.

आदर आणि चिकित्सा एकत्र कशा नांदतात, हे महाराष्ट्रातील विचारवंतांच्या उदाहरणावरून दिसते. महात्मा जोतीराव फुले यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात एका कुटुंबाची कल्पना आहे. त्यातील स्त्री, तिचा पती, कन्या आणि पुत्र यांनी अभ्यासाअंती वेगवेगळे धर्म स्वीकारले, तरी कोणी कोणाचा द्वेष करू नये आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे, असे फुले सुचवतात. धर्मातील अन्यायावर कठोर टीका करणाऱ्या लेखकाचे हे स्वप्न आहे. आचार्य विनोबा भावे यांनी कुराणाचा मूळ अरबीतून अभ्यास केला आणि 'कुराण सार' सिद्ध केले. ख्रिस्ती आणि बौद्ध ग्रंथांचेही सार त्यांनी तितक्याच आस्थेने काढले. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हा ग्रंथ लिहिला. दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने या दोघांची स्वतःची निष्ठा उणावली नाही.

५. काही आक्षेप

या शिक्षणावरील आक्षेप टाळून चालणार नाहीत. पहिला आक्षेप असा, की हे सारे घरावर सोपवावे. पण घर आपल्याच धर्माविषयी सांगू शकते, हे वर पाहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शिक्षक पक्षपाती असेल, तर अभ्यासाच्या नावाखाली प्रचार होईल. ही भीती निराधार नाही. महात्मा गांधींचा धर्मावर गाढ विश्वास होता. आश्रमातील प्रार्थनेत त्यांनी सर्व धर्मांना स्थान दिले होते. तरीही १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत धर्मशिक्षणाचा अंतर्भाव करण्यात आला नाही. धर्म आज ज्या रीतीने शिकवले व आचरले जातात, त्यातून ऐक्याऐवजी कलह निर्माण होतो, असे त्यांचे मत होते. मात्र सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मुलांना शिकवता येतील, असेही त्यांना वाटत होते. म्हणूनच शिक्षकाची तयारी, अनेक धर्मांच्या जाणकारांनी तपासलेली पुस्तके आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची मुभा या तीन अटींशिवाय हे शिक्षण सुरू करणे धोक्याचे आहे.

तिसरा आक्षेप असा, की प्रामाणिकपणा, दया, न्याय ही मूल्ये धर्माशिवायही शिकवता येतात. हे खरे आहे. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने शासकीय प्राथमिक शाळांतील धार्मिक शिक्षणाची जागा नैतिक आणि नागरिकी शिक्षणाने घेतली. नास्तिक मनुष्य नीतिमान असू शकतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु धर्मांच्या अभ्यासाचा हेतू केवळ नीती शिकवणे एवढाच नाही. ज्या समाजात राहावयाचे, तो समजून घेणे हाही आहे.

६. समारोप

आरंभीच्या वर्गाकडे पुन्हा वळावे. त्या वर्गाला कोणी उपदेश केला असता, तर कदाचित फारसा उपयोग झाला नसता. मात्र पुढच्या रविवारी शिक्षिकेने त्या मुलाला, त्याची इच्छा असल्यास, रोजाविषयी चार वाक्ये सांगण्याची संधी दिली, त्या मुलीने आपल्या घरचा अहिंसेचा विचार सांगितला आणि बाकीच्यांनी मनात येतील ते प्रश्न सभ्यपणे विचारले, तर मागच्या बाकावर गेलेला मुलगा पुन्हा पुढे येऊन बसेल. कोणाचाही धर्म बदलणार नाही. रोजा न धरणारे तसेच राहतील, बटाटेवडा खाणारे खातच राहतील. बदलेल ती एकमेकांकडे पाहण्याची दृष्टी. माध्यमिक शाळेकडून धर्मांच्या संदर्भात एवढी अपेक्षा करणे योग्य आहे, आणि ती पूर्ण झाली तर ती लहान नाही.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'ख्रिस्तपुराण' कोणी रचले?
(आ) वेरूळ येथे कोणत्या तीन धर्मांची लेणी आहेत?
(इ) १९३७ च्या वर्धा योजनेत धर्मशिक्षण का नव्हते?

शब्दार्थ

अनुयायी – एखाद्या मताला वा धर्माला अनुसरणारा
तौलनिक – तुलना करून केलेला
न्यास – विशिष्ट हेतूसाठी विश्वस्तांकडे सोपवलेली मालमत्ता
चिकित्सा – बारकाईने केलेली तपासणी
अनभिज्ञ – माहिती नसलेला
एकांगी – एकच बाजू दाखवणारे

पाठाचा सारांश

• धर्माचे शिक्षण श्रद्धा देऊ पाहते. धर्मांविषयीचे शिक्षण समज देऊ पाहते.
• अनुच्छेद २८ पहिल्यावर मर्यादा घालतो. दुसऱ्याला २००२ च्या न्यायालयीन निर्णयानुसार मनाई नाही.
• भाषा, इतिहास आणि सहजीवन यांच्या आकलनासाठी धर्मांची ओळख उपयुक्त आहे.
• आदराबरोबर चिकित्सा, आणि माहितीबरोबर प्रश्नांचे स्वातंत्र्य आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' यांतील भेद स्वतःच्या परिसरातील उदाहरणे देऊन लिहा.
२. म. फुले यांनी कल्पिलेल्या कुटुंबाविषयी आपले मत आठ-दहा ओळींत मांडा.
३. शिक्षकाच्या पक्षपाताची भीती कमी करण्यासाठी कोणते उपाय करता येतील?
४. उपक्रम : वेगळ्या धर्माच्या एका शेजाऱ्याला वा सहकाऱ्याला त्याच्या एखाद्या सणाचा अर्थ विचारा. ऐकलेली माहिती, स्वतःचे मत न मिसळता, दहा ओळींत लिहा आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) iii (आ) ii
२. (अ) फादर थॉमस स्टीफन्स यांनी. (आ) बौद्ध, हिंदू आणि जैन. (इ) धर्म ज्या रीतीने शिकवले व आचरले जातात, त्यातून ऐक्याऐवजी कलह निर्माण होतो, असे महात्मा गांधींचे मत होते म्हणून.